एपिथेलियमचे प्रकार पाठ आहेत पण स्लाइडवर ओळखता येत नाहीत? आधी त्या जागेचं काम बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे, एपिथेलियल टिश्यूचे, म्हणजे शरीराच्या अस्तराचे, प्रकार तोंडपाठ आहेत पण स्पॉटिंगला (स्लाइड बघून ओळखायची परीक्षा) स्लाइड लावली की सगळं सारखंच गुलाबी-जांभळं दिसतं, आणि त्यात आईच्या पॅप स्मिअरच्या (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींची तपासणी) रिपोर्टवर 'स्क्वॅमस मेटाप्लेझिया' लिहून आलंय, तर पेशी बदलल्यात म्हणजे ही कॅन्सरची सुरुवात आहे का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर हेच बघतो. आधी आईचं. रिपोर्टमध्ये शेवटी 'निगेटिव्ह फॉर इंट्राएपिथेलियल लेजन ऑर मॅलिग्नन्सी' किंवा नुसतं एनआयएलएम असं लिहिलेलं असेल, म्हणजे कॅन्सर किंवा त्याच्या आधीचा बदल दिसला नाही, तर स्क्वॅमस मेटाप्लेझिया या शब्दाने अजिबात घाबरू नका, तो कॅन्सर नाही आणि कॅन्सरची पहिली पायरीपण नाही. पाळी सुरू असलेल्या जवळपास प्रत्येक बाईच्या गर्भाशयाच्या मुखाशी ते होतच असतं, उलट त्या पेशी स्मिअरमध्ये दिसल्या तर आम्हाला बरं वाटतं की सँपल बरोबर जागेवरून घेतलंय. का होतं ते खाली सांगतोच, कारण ते समजलं की तुमचा अभ्यासाचा निम्मा प्रश्न पण सुटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रकारांची यादी पाठ करू नका. प्रत्येक जागेला रोज काय सोसावं लागतं ते विचारा. घासलं जातंय का, काही आरपार जायचंय का, काही शोषून घ्यायचंय का, ताणलं जातंय का. उत्तर मिळालं की तिथलं एपिथेलियम कसं असेल ते न बघता सांगता येतं, आणि जागेचं काम बदललं तर एपिथेलियम पण बदलतं, तेच मेटाप्लेझिया.

एपिथेलियम म्हणजे शरीराची प्रत्येक मोकळी बाजू झाकणारं अस्तर. बाहेरून कातडी, आतून तोंडापासून गुदद्वारापर्यंतची अख्खी नळी, श्वासनलिका, लघवीचा मार्ग, रक्तवाहिन्यांची आतली बाजू, छाती-पोटाच्या पोकळ्या, आणि या अस्तरातूनच आत खोल उतरलेल्या ग्रंथी. पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या, मधे जागा जवळपास नाहीच, आणि सगळ्यांच्या खाली बेसमेंट मेंब्रेन नावाचा पातळ पापुद्रा. एक गोष्ट एका मार्काला येते म्हणून पोरं घाईत वाचतात, पण आमच्या कामात तिच्यावर पेशंटचं पुढचं सगळं ठरतं: एपिथेलियममध्ये स्वतःची रक्तवाहिनी नसते. रक्त आणि लसिकावाहिन्या बेसमेंट मेंब्रेनच्या खाली असतात, तिथून अन्न-ऑक्सिजन झिरपून वर येतो. म्हणजे पेशी कितीही बिघडलेल्या असल्या तरी जोवर त्या मेंब्रेनच्या वर आहेत तोवर त्यांना शरीरात दुसरीकडे पसरायला रस्ताच नसतो, त्याला आम्ही कार्सिनोमा इन सिटू म्हणतो आणि तेवढा भाग काढला की बहुतेक वेळा काम संपतं. मेंब्रेन फोडून खाली उतरल्या की तो इन्व्हेजिव्ह. बायोप्सी बघताना माझा बराचसा वेळ त्या एका रेषेवर जातो.

नाव ठेवायची पद्धत सोपी आहे. थर किती, आणि सगळ्यात वरच्या थरातल्या पेशीचा आकार काय. वरच्या थरातल्या, हे लक्षात ठेवा, कारण स्तरित पट्टकीमध्ये (बरेच थर, वर चपट्या पेशी) पण अगदी खालच्या पेशी घनाकृतीच असतात आणि पोरं खाली बघून 'क्युबॉइडल' लिहून मोकळी होतात. एक थर म्हणजे सिंपल, जास्त थर म्हणजे स्ट्रॅटिफाइड. आकार तीन: चपटा स्क्वॅमस, चौकोनी क्युबॉइडल, उभा लांबट कॉलमनार. मराठी माध्यमवाल्यांनी हेच सरल पट्टकी, स्तरित पट्टकी, घनाभरूप, स्तंभीय असं शाळेत वाचलंय. आणि हो, बऱ्याच शालेय नोट्समध्ये तोंड आणि अन्ननलिका सरल पट्टकीच्या रकान्यात टाकलेली असते, ते डोक्यातून काढून टाका. तोंडात भाकरीचा कडक तुकडा, फरसाण, हाडाचा कण सगळं घासत जातं, तिथे एका थराचं अस्तर एक जेवण पण टिकणार नाही.

मग एक थर चपटा कुठे चालतो? जिथे घासलं जात नाही आणि काहीतरी पटकन आरपार जायचंय तिथे. फुफ्फुसातले वायुकोश हे सगळ्यात भारी उदाहरण. तिथे टाइप वन नावाच्या पेशी इतक्या पसरट असतात की वायुकोशाचा साधारण ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो, आणि गंमत म्हणजे संख्येने त्या कमीच, टाइप टू पेशी जास्त असतात पण त्या गुबगुबीत, कोपऱ्यात बसून सर्फॅक्टंट बनवतात ज्याच्यामुळे वायुकोश मिटून चिकटत नाहीत. हवा आणि रक्त यांच्यातली भिंत पातळ ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असते, तांबडी पेशी स्वतः सात-आठ मायक्रॉनची असते त्यावरून अंदाज घ्या. पण इतकं पातळ अस्तर दुखावलं की लगेच मरतं, आणि टाइप वन पेशी स्वतः विभागत नाहीत, मग टाइप टू पेशी वाढून ती जागा भरतात आणि पुढे त्यांच्यातल्याच काही टाइप वन होतात. गंभीर न्यूमोनियामध्ये, कोविडमध्येसुद्धा, फुफ्फुसाच्या स्लाइडवर या वाढलेल्या टाइप टू पेशी रांगेने दिसतात.

रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर म्हणजे एंडोथेलियम, आणि छाती-पोट-हृदयाभोवतीच्या पिशव्यांचं मेसोथेलियम, हे पण दिसायला सरल पट्टकीच. यांना वेगळी नावं आहेत आणि त्यांच्यापासून होणाऱ्या कॅन्सरला कार्सिनोमा (एपिथेलियमच्या कॅन्सरचं नाव) म्हणत नाहीत, एंडोथेलियमचा तो अँजिओसार्कोमा आणि मेसोथेलियमचा मेसोथेलिओमा, जो अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशी जोडलेला आहे. व्हायवात हे विचारतात.

क्युबॉइडल पटकन उरकतो. मूत्रपिंडाच्या नलिका, थायरॉइडचे फॉलिकल (हॉर्मोन साठवणाऱ्या गोल पिशव्या), ग्रंथींच्या लहान नळ्या. चपट्या पेशीत यंत्रसामग्री ठेवायला जागा नसते, इथे काम करायचंय म्हणून पेशीला जरा उंची. मूत्रपिंडात दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर, बाकीचं सगळं या नलिकांच्या पेशी परत ओढून घेतात, सगळ्यात जास्त, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या आसपास, पहिल्या वळणदार नलिकेत. म्हणून तिथल्या पेशी जास्त गुलाबी दिसतात, मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात, आणि आतल्या बाजूला बारीक केसाळ ब्रश बॉर्डर असते, स्लाइडवर नलिकेची आतली कड धूसर दिसते ती त्यानेच. थायरॉइडमध्ये तर पेशीची उंची बघून ग्रंथी किती राबतेय ते कळतं: निवांत असेल तर पेशी बुटक्या जवळपास चपट्या, जोरात काम चालू असेल तर उंच होत कॉलमनारकडे झुकलेल्या. तेच अस्तर, तोच माणूस. आकार हा काही पेशीचा कायमचा शिक्का नाही ते इथेच कळतं.

कॉलमनार म्हणजे जठरापासून गुदाशयापर्यंतचं अस्तर, शिवाय पित्ताशय, गर्भाशय, बीजनलिका. जठरातली प्रत्येक वरची पेशी म्युकस बनवते, कारण समोर पोकळीत आम्ल आहे आणि स्वतःला वाचवायचंय. लहान आतड्यात शोषायचंय म्हणून घड्या, घड्यांवर व्हिलाय म्हणजे बोटांसारखे उंचवटे, आणि प्रत्येक पेशीच्या डोक्यावर त्याहून बारीक मायक्रोव्हिलाय. अजूनही सगळीकडे लिहिलेलं असतं की आतडं पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजलं तर अख्ख्या पचनमार्गाचं मिळून साधारण ३२ चौरस मीटर भरलं, म्हणजे बॅडमिंटन कोर्टाच्या निम्म्याच्या आसपास. तरी काही कमी नाही.

आतड्याचं हे अस्तर तीन ते पाच दिवसांत पूर्ण नवीन होतं. खाली खड्ड्यांमध्ये, ज्यांना क्रिप्ट म्हणतात, स्टेम सेल्स, म्हणजे नवीन पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, बसलेल्या असतात, तिथून पेशी तयार होऊन वर सरकत जातात आणि टोकाला जाऊन गळून पडतात. केमोथेरपी घेणाऱ्याला जुलाब का होतात, तोंड का येतं, त्याचं उत्तर हेच आहे, औषध पटापट विभागणाऱ्या पेशी मारतं आणि त्यात ही बिचारी पण सापडतात. कॉलमनारमध्ये मधे मधे पांढरट फुगीर पेशी दिसतात त्या गॉब्लेट सेल्स, म्युकसने भरलेल्या, आणि त्या लहान आतड्यापासून मोठ्या आतड्याकडे जाल तशा वाढत जातात कारण पुढे मळ घट्ट होत जातो आणि वंगण जास्त लागतं. जठरात मात्र त्या नॉर्मली नसतातच. जठराच्या बायोप्सीत गॉब्लेट सेल दिसली की मी थांबतो, कारण तिथे ती परकी आहे, त्याला इंटेस्टिनल मेटाप्लेझिया म्हणतात आणि बहुतेक वेळा मागे एच. पायलोरी या जठरातल्या जंतूचा जुना त्रास असतो.

आता स्यूडोस्ट्रॅटिफाइड, म्हणजे नुसते थर भासणारं, सगळ्यात जास्त पोरं इथे फसतात. नाकातली पोकळी, श्वासनलिका, मोठे ब्रॉन्कस. पेशींचे न्यूक्लियस वर-खाली वेगवेगळ्या उंचीवर दिसतात म्हणून थर वाटतात, पण प्रत्येक पेशीचा पाय बेसमेंट मेंब्रेनला टेकलेला असतो, काही वरपर्यंत पोचतात काही पोचत नाहीत एवढंच. वर सिलिया म्हणजे केसांसारखे बारीक धागे असतात, सेकंदाला दहा-वीस वेळा हलणारे, आणि गॉब्लेट सेल्सनी सोडलेल्या म्युकसमध्ये अडकलेली धूळ, जंतू ते घशाकडे ढकलत राहतात, दिवसभर आपण ते नकळत गिळत असतो. सिलिया जन्मतःच नीट हलत नसतील तर काय होतं ते कार्टाजेनर सिंड्रोममध्ये दिसतं, सायनस आणि छातीची इन्फेक्शनं परत परत, मूल व्हायला अडचण, कारण शुक्राणूची शेपटीपण त्याच बनावटीची, आणि हृदय उजवीकडे. स्लाइडवर सिलिया आणि गॉब्लेट दोन्ही एकत्र दिसले आणि खाली कूर्चा असली तर बिनधास्त श्वासनलिका लिहा.

स्वरयंत्र मात्र नीट बघा, कारण कामावरून अस्तर ठरतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. स्वरयंत्राचा बाकीचा बराचसा भाग श्वासनलिकेसारखा सिलियावाला, पण खऱ्या स्वरतंतूंवर स्तरित पट्टकी, कारण बोलताना ते एकमेकांवर सेकंदाला शंभरापेक्षा जास्त वेळा आपटतात. एपिग्लॉटिसच्या जिभेकडच्या बाजूला पट्टकी, खालच्या बाजूला सिलिया. अंतर मिलिमीटरमध्ये, काम वेगळं म्हणून अस्तर वेगळं.

स्तरित पट्टकीवर मी जास्त लिहिणार आहे कारण महाराष्ट्रात पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर याच्यातूनच फार काही येतं. दोन जाती आहेत. कोरडी म्हणजे केराटिनवाली (केस-नखांतलं कडक प्रोटीन): कातडी, हिरड्या, टाळूचा कडक भाग. ओली म्हणजे केराटिन नसलेली: गालाची आतली बाजू, अन्ननलिका, योनीमार्ग, गर्भाशयाच्या मुखाची बाहेरची बाजू, डोळ्याची कॉर्निया. कातडीत खालच्या थरातली पेशी वर सरकताना केराटिन भरत जाते, न्यूक्लियस जातो आणि शेवटी मेलेला खवला होऊन पडतो, या प्रवासाला साधारण महिना-दीड महिना. एपिडर्मिस पापणीवर जेमतेम ०.०५ मिलिमीटर आणि तळपायाला दीड मिलिमीटरच्या घरात, अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेला तर विचारूच नका. घर्षण वाढलं की थर वाढतात, कुदळ-फावडं चालवणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ते हेच.

या पेशी एकमेकींना डेस्मोसोम नावाच्या बटणांनी आणि खालच्या मेंब्रेनला हेमिडेस्मोसोमनी जोडलेल्या असतात. पेम्फिगस नावाच्या आजारात शरीर स्वतःच डेस्मोसोममधल्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, मग पेशी एकमेकींपासून सुटतात आणि तोंडात-अंगावर पटकन फुटणारे मऊ फोड येतात. बुलस पेम्फिगॉइडमध्ये हेमिडेस्मोसोम जातात, मग अख्खं एपिथेलियम एकसंध वर उचललं जातं आणि फोड टणक, लवकर न फुटणारे. फोडाच्या कडेची बायोप्सी आम्हाला लागते ती फट नक्की कुठल्या थरात पडलीये ते बघायला.

आता तोंड. गालाच्या आतलं अस्तर ओलं, केराटिन नसलेलं असायला हवं. पण तंबाखू-चुना रोज एकाच जागी धरला, किंवा मिश्री लावली, मावा, खर्रा, गुटखा काहीही, तर तिथल्या पेशी त्या माराला तोंड द्यायला केराटिन बनवायला लागतात. तो पांढरा डाग, पुसला तरी न जाणारा, त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. डाग दिसतो तो पांढरा, पण खाली काय चाललंय ते बायोप्सीशिवाय कळत नाही: नुसतं जाड झालेलं असू शकतं, किंवा डिस्प्लेझिया म्हणजे खालच्या पेशी बेशिस्त व्हायला लागलेल्या असू शकतात. सुपारीचं वेगळंच. सुपारीने सबम्युकस फायब्रोसिस होतो, म्हणजे एपिथेलियमच्या खाली तंतू साठून घट्ट होत जातात आणि वरचं अस्तर उलट पातळ पडतं, तिखट झोंबायला लागतं, तोंड उघडेनासं होतं. 'आम्ही तंबाखू खात नाही, फक्त सुगंधी सुपारी' असं सांगणारी कॉलेजची पोरं यात जास्त, आणि घरचेपण निर्धास्त असतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांनी १९४४ सालीच तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा आढावा छापला होता, म्हणजे ही माहिती काही नवी नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, ती पानटपरीवर किती दिसते ते तुम्ही बघताच. असो. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल डाग, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही घरात कुणाला असेल तर दाखवून घ्या. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त वाईट, लोक उलटं समजतात.

स्तरित क्युबॉइडल घामाच्या नळ्यांमध्ये, दोन थरांचं. स्तरित कॉलमनार फार कमी ठिकाणी, लाळग्रंथींच्या मोठ्या नळ्या वगैरे. एका ओळीत लिहा, पुढे चला.

ट्रान्झिशनल म्हणजे युरोथेलियम, मूत्रपिंडाच्या पेल्व्हिसपासून मूत्राशयापर्यंत. इथे दोन अडचणी एकदम: जागा ताणली जाते, आणि आत साठलेलं जे आहे ते परत रक्तात झिरपता कामा नये. मूत्राशय रिकामं असताना पाच-सहा थर दिसतात, भरल्यावर पेशी पसरून दोन-तीनच वाटतात. सगळ्यात वरच्या पेशी मोठ्या, घुमटासारख्या, कधी दोन न्यूक्लियसवाल्या, त्यांना अम्ब्रेला सेल म्हणतात, आणि त्यांच्या वरच्या पृष्ठभागावर युरोप्लेकिन नावाच्या प्रोटीनच्या ताठ पट्ट्या असतात, पाणी आणि युरिया अडवायला. स्लाइडवर स्तरित पट्टकी की ट्रान्झिशनल असा घोळ झाला तर वरचा थर बघा, चपटा असेल तर पट्टकी, गोलसर फुगीर असेल तर ट्रान्झिशनल. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना मूत्राशयाचा कॅन्सर जास्त का होतो हे पेशंटना पटत नाही, धूर फुफ्फुसात आणि रोग लघवीत कसा, तर धुरातली रसायनं रक्तात जातात, मूत्रपिंडातून गाळली जातात आणि मग तासन् तास या अस्तराला लागून साठून राहतात. दुखत नाही पण लघवीतून रक्त जातंय, हे एकदाच झालं तरी तपासावं.

आता मेटाप्लेझिया, आईच्या रिपोर्टवरचा. एक प्रौढ पेशी दुसऱ्या प्रकारची प्रौढ पेशी होत नाही, खालच्या स्टेम सेल्स दुसऱ्याच प्रकारच्या पेशी बनवायला लागतात. गर्भाशयाच्या मुखाच्या आतल्या नळीत एक थर कॉलमनार, बाहेर स्तरित पट्टकी. वयात येताना हॉर्मोन्समुळे आतला नाजूक कॉलमनार भाग थोडा बाहेर उलटतो आणि योनीतल्या आम्लाला उघडा पडतो. तो एकेरी थर तिथे टिकणारा नाही, म्हणून हळूहळू त्याची जागा पट्टकी घेते. झालं, हेच ते स्क्वॅमस मेटाप्लेझिया, शरीराने केलेली योग्य दुरुस्ती. ज्या पट्ट्यात ही अदलाबदल चालते त्याला ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणतात.

मग या जागेची इतकी चर्चा का? तर एचपीव्ही व्हायरसला या अर्धवट तयार पेशींमध्ये सहज शिरता येतं, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक इथूनच सुरू होतो. मेटाप्लेझियाने कॅन्सर होत नाही, त्या जागी वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या एचपीव्हीने होतो. आणि मधे दहा-पंधरा वर्षांचा काळ मिळतो ज्यात पेशी मेंब्रेनच्या वरच असतात, म्हणून तर तपासणीचा उपयोग. याचा मोठा पुरावा आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातून आला. तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये छापला गेला, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर तपासणीचे नियम ठरवताना तो अभ्यास वापरला जातो आणि इथल्या पोरांना त्याचं नावपण माहीत नसतं. मुलींसाठीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची पण आता मिळते. एनआयएलएम लिहिलं असेल तर आईंना सांगा रिपोर्ट चांगला आहे, पण पुढची तपासणी डॉक्टर म्हणतील तेव्हा चुकवू नका.

सगळ्या मेटाप्लेझिया इतक्या निरुपद्रवी नसतात, हेही सांगून ठेवतो. बिडीने श्वासनलिकेतलं सिलियावालं अस्तर पट्टकी होतं, धुराला ते टिकतं खरं पण सिलिया गेले की कफ वर ढकलणारं कुणी उरत नाही, मग सकाळचा तो खोकला. सवय सोडली तर हे बऱ्यापैकी मागे फिरतं, नाही सोडली तर त्याच जागी पुढे डिस्प्लेझिया. अन्ननलिकेत उलटं होतं: वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं तर खालच्या टोकाची पट्टकी जाऊन गॉब्लेट सेल्सवालं कॉलमनार येतं, ते बॅरेट्स, आणि त्याच्यावर दुर्बिणीने लक्ष ठेवावं लागतं. व्हिटॅमिन ए कमी पडलं तर डोळ्याच्या कंजंक्टायव्हाचं (पांढऱ्या भागावरचा पापुद्रा) अस्तर केराटिनवालं होऊन कोरडं पडतं, बिटॉट स्पॉट्स नावाचे फेसाळ डाग येतात, बाळांना नवव्या महिन्यात एक लाख युनिटचा डोस देतात तो यासाठीच. मूत्राशयात जुना खडा किंवा शिस्टोसोमा नावाचा परजीवी असेल तर युरोथेलियमचं पट्टकी होतं, इजिप्तमध्ये या परजीवीमुळे मूत्राशयाचा पट्टकी कॅन्सर फार दिसायचा. आपल्याकडे हा परजीवी जवळपास नाहीच, अपवाद म्हणून पुस्तकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचं नाव येतं, तिथे १९५२ च्या सुमारास तो सापडला होता.

ग्रंथिल एपिथेलियमचं फार टेन्शन घेऊ नका. नळी असेल तर एक्सोक्राइन, नळी तुटून माल थेट रक्तात जात असेल तर एंडोक्राइन. माल सोडायच्या पद्धती तीन: लाळ-घामासारखा नुसता स्राव बाहेर सोडला तर मेरोक्राइन, दुधातल्या स्निग्धांशासारखा पेशीचा थोडा वरचा भाग घेऊन गेला तर अ‍ॅपोक्राइन, कातडीच्या तेलग्रंथीसारखी अख्खी पेशीच फुटून स्राव झाली तर होलोक्राइन. ग्रंथीच्या अस्तराचा कॅन्सर तो अ‍ॅडिनोकार्सिनोमा, पट्टकीचा तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मोठ्यांच्या कॅन्सरपैकी पाचातले चार तरी एपिथेलियमचेच असतात, कारण सगळ्यात जास्त मार खाणारं आणि सगळ्यात जास्त विभागणारं तेच.

आता स्लाइडचं. फॉर्मॅलिन, पॅराफिन, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचा काप, हिमॅटॉक्सिलिनने न्यूक्लियस निळे-जांभळे, इओसिनने बाकी सगळं गुलाबी, म्हणून सगळं सारखं दिसतंय. पहिली गोष्ट, थेट हाय पॉवरला जाऊ नका. लो पॉवरवर आधी मोकळी पांढरी जागा शोधा, एपिथेलियम तिच्या कडेलाच असणार. मग न्यूक्लियसच्या रांगा बघा, पेशींच्या भिंती एच अँड ई मध्ये नीट दिसत नाहीत, न्यूक्लियस दिसतात. न्यूक्लियस गोल आणि रांग एक असेल तर क्युबॉइडल, लांबट उभे आणि तळाशी एका ओळीत तर कॉलमनार, दूर दूर पातळ रेषेसारखे तर सरल पट्टकी. आणि तिरका काप ओळखायला शिका, काकडी तिरकी कापली की तिची साल एका बाजूला उगाच जाड दिसते तसंच एकेरी अस्तर तिरकं कापलं गेलं की तीन-चार थरांचं वाटतं. म्हणून एका जागेवर निर्णय देऊ नका, स्लाइड फिरवत जा आणि जिथे अस्तर सगळ्यात पातळ दिसतंय तिथे थर मोजा. कॉलेजला जुन्या स्लाइड फिक्या पडलेल्या असतील तर सरांकडून मूत्राशय, श्वासनलिका, लहान आतडं, अन्ननलिका, मूत्रपिंड आणि थायरॉइड एवढ्या सहा स्लाइड मागून घ्या आणि रोज लेबल झाकून बघा, स्पॉटिंगला बहुतेक वेळा यातलंच येतं.